विमान लेट, पुढचं हुकलं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परदेश सहलीबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या बहुतेक पत्रांत धास्ती एकच होती : मधल्या विमानतळावर अडकलो तर काय करायचं? म्हणून या वेळचं सदर तेवढ्यावरच आहे.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं आणि दोन मुलं, पॅरिस आणि स्वित्झर्लंडला जाणार आहोत. एजंटनं दोन पर्याय दिलेत. पहिल्यात मुंबई–दोहा–पॅरिस एकाच तिकिटावर आहे, दोह्यात १ तास ५० मिनिटं मिळतात. दुसऱ्यात मुंबई–दुबई एका कंपनीचं आणि दुबई–पॅरिस दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट आहे, मध्ये तीन तास. दुसरा पर्याय माणशी ११ हजारांनी स्वस्त पडतो आणि वेळही जास्त मिळतो. मग तोच का घेऊ नये?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नका घेऊ. ते तीन तास फक्त कागदावर आहेत.

तिकिटं वेगळी असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही मुंबईहून आलेले प्रवासी नसता, दुबईतून निघणारे असता. तुमचं पहिलं विमान किती उशिरा उतरलं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. काउंटर बंद झालं की तुम्ही 'नो-शो', म्हणजे न आलेले प्रवासी, आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर तोही रद्द. बॅगांचंही तसंच. त्या दुबईपर्यंतच टॅग होतात. त्या पट्ट्यावरून उचलायच्या तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी यूएईचा व्हिसा लागतो. मग नव्यानं चेक-इन, नव्यानं सिक्युरिटी. उतरून, इमिग्रेशन करून बॅगा हातात पडेपर्यंत दीड तास धरा. पुढच्या विमानाचं काउंटर उड्डाणाआधी तासभर बंद होतं. तीन तासांतला उरला अर्धा तास. मुंबईहून विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं, तरी पॅरिसची चारही तिकिटं गेली, आणि नवी घ्यायची ती त्या दिवशीच्या दरानं. वाचवलेल्या ४४ हजारांत ती बसणार नाहीत.

एकाच तिकिटावर प्रवास असेल तर पॅरिसला पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. दोह्यात विमान हुकलं तर पुढच्या विमानात जागा तीच देते, वेगळे पैसे न घेता. बॅगाही थेट पॅरिसपर्यंत जातात.

मात्र 'एकच तिकीट' हे एजंटच्या तोंडून ऐकून समाधान मानू नका, कागद पाहा. ई-तिकिटावर प्रत्येकाच्या नावापुढे १३ आकडी तिकीट नंबर असतो. तुमच्या जाण्या-येण्याचे चारही टप्पे त्या एकाच नंबराखाली हवेत. नंबराचे पहिले तीन आकडे कंपनी सांगतात : ०९८ एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, १५७ कतार एअरवेज, २२० लुफ्तान्सा. काही वेबसाइट दोन कंपन्यांची सुटी तिकिटं एका बुकिंग नंबरात बांधून विकतात. तिथे बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलेलं असतं. तो शब्द दिसला की ते तिकीट बाजूला ठेवा. एजंटला विचारायचा प्रश्न एकच : "बॅगा मुंबईहून थेट पॅरिसपर्यंत टॅग होणार ना?" उत्तर देताना तो अडखळला तर समजा, तिकिटं दोन आहेत.

राहिला प्रश्न १ तास ५० मिनिटांचा. प्रत्येक विमानतळाची 'किमान कनेक्शन वेळ' ठरलेली असते आणि त्याहून कमी वेळाचं एकत्र तिकीट सिस्टीम काढूच देत नाही. पण ती वेळ विमान वेळेवर आलं असं धरून ठरवलेली असते. दोह्यात सगळं एकाच टर्मिनलमध्ये आहे, त्यामुळे धडधाकट कुटुंबाला पावणेदोन तास पुरतात. सोबत सत्तरीतले आई-वडील असतील तर अडीच तासांखाली जाऊ नका.

युरोपातल्या शहरात विमान बदलणार असाल तर हिशेब वेगळा. मुंबई–फ्रँकफर्ट–रोम असा प्रवास असेल तर शेंगेन देशांचं, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचं, इमिग्रेशन रोमला नाही, फ्रँकफर्टलाच होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून या देशांत टप्प्याटप्प्यानं बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यात वेळ लागतो. तिथे आम्ही तीन तास धरतो. आणखी एक बघा : तुमच्या पुढच्या विमानानंतर त्याच दिवशी त्याच शहराला दुसरं विमान आहे का? दिवसातलं शेवटचं विमान हुकलं की रात्र तिथेच.

प्रश्न : आमचं विमान मुंबईहून १२ तारखेला पहाटे ४.३० ला आहे. सोलापूरहून कसं आणि कधी निघावं? आता सोलापूर–मुंबई विमानही आहे, ते घेतलं तर दुपारनंतर निघता येईल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : आधी तारखेचा घोळ टाळा. १२ तारखेची पहाट म्हणजे तुम्हाला ११ च्या रात्री दीड वाजता विमानतळावर असायचं आहे. हे डोक्यात नीट न बसल्यानं विमान चुकलेली कुटुंबं आहेत.

सोलापूर–मुंबई हा टप्पा तुमच्या परदेशी तिकिटात नाही. गाडीनं या, रेल्वेनं या किंवा विमानानं. तो कायम वेगळ्या तिकिटावरचा, कुणाचंही संरक्षण नसलेला टप्पा आहे. सोलापूरकरांचं कनेक्शन पहिल्यांदा हुकतं ते दोह्यात नाही, इथे.

तुमच्या वेळेला सगळ्यात बरी वंदे भारत. ११ तारखेला सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून निघते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईत पोहोचते. दादरला उतरा. चार तास उशीर झाला तरी रात्रीपर्यंत भरपूर वेळ हातात राहतो. ती आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढा वार आधी बघून ठेवा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं यायचं तर १० च्या रात्री निघून ११ तारखेचा अख्खा दिवस मुंबईत काढावा लागेल. नातेवाईक असतील तर हरकत नाही. १२ तारखेला दुपारचं विमान असतं आणि कुणी ११ च्या रात्री सिद्धेश्वरनं निघायचं म्हटलं असतं, तर आम्ही नको म्हटलं असतं. पावसाळ्यात कर्जत–लोणावळा घाटात दरड आली की गाड्या तासन् तास अडकतात, आणि पुण्यापलीकडे अडकलेल्या माणसाला दुसरी वाट नसते. रस्त्यानं चारशे किलोमीटर आहेत. शनिवार-रविवार असेल तर खंडाळ्याच्या कोंडीचे दोन तास वेगळे धरा.

सोलापूर–मुंबई विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं ही मोठी सोय आहे. पण लहान विमानतळावरचं विमान रद्द झालं की तासाभरानं दुसरं नसतं. आदल्या दिवशी पोहोचणार असाल तर खुशाल घ्या. त्याच रात्रीच्या परदेशी विमानाला जोडू नका.

आणखी एक पर्याय इथले एजंट आपण होऊन सांगत नाहीत : हैदराबाद. त्याच पुणे–हैदराबाद महामार्गानं उलट्या दिशेला साधारण तीनशे किलोमीटर, मध्ये घाट नाही. दुबई, दोहा, सिंगापूर, लंडन, फ्रँकफर्ट अशी थेट विमानं तिथून आहेत. भाव काढताना दोन्ही शहरांचे मागा.

प्रश्न : मुंबईहून विमान दोन तास उशिरा सुटलं आणि पुढचं हुकणार हे विमानात बसल्या बसल्याच कळलं, तर त्या घटकेपासून काय काय करायचं? क्रमानं सांगाल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : विमानात बसायच्या आधीपासून सुरुवात करू, कारण अर्धं काम तिथेच होतं.

मुंबईच्या गेटवर उशीर जाहीर झाला की तिथल्या कर्मचाऱ्याला पुढच्या विमानाची वेळ दाखवा आणि विचारा, "हे मिळेल का? नसेल तर आत्ताच दुसऱ्या मार्गानं बदलून द्या." इथे बदल करून घेणं सोपं पडतं. भाषा आपली, फोन आपला, आणि वेळ आलीच तर मुंबईतली रात्र परक्या शहरातल्या रात्रीपेक्षा परवडते. खाण्याचंही विचारा. भारतातून सुटणाऱ्या विमानांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे : उड्डाण अडीच तासांपर्यंतचं असेल तर दोन तासांच्या उशिराला, अडीच ते पाच तासांचं असेल तर तीन तासांच्या आणि त्याहून लांबचं असेल तर चार तासांच्या उशिराला खाणंपिणं द्यायचं. रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. मागितल्याशिवाय पुष्कळदा मिळत नाही.

विमानात उतरायच्या तासभर आधी एअर होस्टेसला बोर्डिंग पास दाखवा. पुढचं विमान थांबवणं तिच्या हातात नाही, पण पुढची सीट रिकामी असेल तर बसवते आणि तुमच्यासारखे किती जण आहेत ते खाली कळवता येतं. वीस-पंचवीस प्रवासी एकाच विमानाचे असतील तर कंपनी कधी कधी थोडं थांबते, किंवा दारात माणूस उभा करून सगळ्यांना पळवत नेते. दाराबाहेर पाटी धरून कुणी उभं आहे का, ते बघा. घाईत लोक त्याच्या शेजारून निघून जातात.

चाकं टेकली की फोन चालू करून कंपनीचं ॲप उघडा. पुष्कळ कंपन्यांच्या सिस्टीमनं तोवर तुम्हाला आपसूक दुसऱ्या विमानात टाकलेलं असतं. ते मान्य करण्याआधी सगळ्यांची नावं तपासा. आजी-आजोबांचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर काढलेलं असलं की ते एका विमानात आणि तुम्ही दुसऱ्यात, असं होतं.

जुन्या विमानाची आशा असेल तर आधी गेट गाठा. पण गेट उड्डाणाच्या वेळेला नाही, त्याआधी १५ ते २० मिनिटं बंद होतं, हे लक्षात ठेवून पळा. वेळ टळून गेली असेल तर 'ट्रान्सफर' पाटीचं काउंटर शोधा. कामं वाटून घ्या : एकानं रांगेत उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याच वेळी कंपनीच्या फोन लाइनवर लागायचं, मुलांना एका जागी बसवायचं. फोनवर आधी काम झालं तर रांग सोडून द्या.

'एक्झिट' किंवा 'बॅगेज क्लेम'च्या पाटीमागे मात्र जाऊ नका. गर्दीबरोबर वाहत इमिग्रेशनपर्यंत गेलात तर व्हिसा नाही म्हणून पुढे जाता येत नाही आणि ट्रान्सफरच्या बाजूला परतायला पुन्हा सिक्युरिटीची रांग.

काउंटरवर चार गोष्टी मागा : सगळ्यांचे नवे बोर्डिंग पास, बॅगांचे टॅग नव्या विमानाला जोडले गेले का याची खात्री, जेवणाचं व्हाउचर आणि रात्र पडत असेल तर हॉटेल. सोबत उशिराचं कारण आणि किती तास झाले, हे लेखी. कागद देत नसतील तर ई-मेल करायला सांगा. विमा आणि भरपाई, दोन्हींना तोच कागद लागतो.

नवा मार्ग कुठून जातो ते बोर्डिंग पास घ्यायच्या आधी विचारा. कंपनी तुम्हाला लंडनमार्गे पाठवू पाहील. लंडनमध्ये नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल तर सूट मिळते. अमेरिकेत तर व्हिसाशिवाय विमानही बदलता येत नाही. काउंटरवरच्या माणसाला तुमच्या पासपोर्टात काय आहे हे ठाऊक नसतं. सरळ सांगा : "माझ्याकडे फक्त शेंगेन व्हिसा आहे."

रागाच्या भरात स्वतःच दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढून पुढे जाऊ नका. मूळ तिकिटातला एक टप्पा वापरला नाही की त्यापुढचे सगळे टप्पे, परतीचे धरून, रद्द होतात. काढायचंच असेल तर कंपनीनं नवीन जागा द्यायला नकार दिल्याचं लेखी घ्या आणि परतीचा प्रवास शाबूत आहे, हेही ई-मेलवर घ्या.

प्रश्न : आमचा शेंगेन व्हिसा 'सिंगल एंट्री' आहे. परतताना विमान रद्द झालं आणि व्हिसाचे दिवस संपले तर दंड होतो का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : व्हिसा स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. दुसरी, 'किती दिवस राहता येईल' हा आकडा. लोक तारीख बघतात, आकडा बघत नाहीत. १२ दिवसांची सहल आणि आकडाही १२, तर विमान दुसऱ्या दिवशीवर गेलं की तुम्ही तेराव्या दिवशी तिथे आहात, तारखेची मुदत शिल्लक असली तरी. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. म्हणून अर्जातच सहलीपेक्षा दोन-तीन दिवस जास्त मागा.

तरी वेळ आलीच तर मुदत संपायच्या आत विमानतळावरच्या सीमा पोलिसांकडे जा. विमान रद्द झाल्याचा कंपनीचा कागद आणि नवं तिकीट दाखवा. आपल्या हातात नसलेल्या कारणानं मुक्काम लांबला तर व्हिसा वाढवून मिळण्याची तरतूद शेंगेनच्या नियमांतच आहे आणि त्या कारणासाठी फी घेत नाहीत. न सांगता दुसऱ्या दिवशी निघून गेलात तर नोंद राहते आणि पुढच्या अर्जाला ती आडवी येते.

रोम–फ्रँकफर्ट–मुंबई अशा परतीत शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद फ्रँकफर्टला होते. ती झाल्यानंतर विमान रद्द झालं तर हॉटेलला जायला पुन्हा आत यावं लागतं आणि सिंगल एंट्री तर वापरून झालेली. अशा वेळी कंपनीच्या माणसाला सोबत घेऊन पासपोर्ट काउंटरवर जा. ते बाहेर पडल्याची नोंद रद्द करू शकतात.

प्रश्न : पॅरिस–दोहा–मुंबई परतताना पॅरिसचं विमान लेट झालं, दोह्यातलं हुकलं आणि आम्ही मुंबईत नऊ तास उशिरा पोहोचलो. चौघं होतो. कंपनीनं फक्त दिलगिरीचा मेल पाठवला. भरपाई मिळते असं ऐकलं, खरं आहे का?
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : खरं आहे. तुमच्या बाबतीत ती माणशी ६०० युरो होते, चौघांची २,४०० युरो. कंपनी आखाती असली तरी.

युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा नियम २००४ सालचा आहे. तो कुणाला लागतो ते नीट समजून घ्या, कारण नेमकं इथेच लोक चुकतात. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला तो लागतो, कंपनी कुठलीही असो. युरोपात येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे तुमच्या परतीच्या प्रवासाला तो लागला. जाताना मुंबई–दोहा–पॅरिसला असाच उशीर झाला असता तर लागला नसता. तोच प्रवास युरोपीय कंपनीचा असता तर जातानाही लागला असता.

रक्कम अंतरावर ठरते : १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत ४००, त्यापुढे ६००. तिकीट एक असेल तर पॅरिस ते मुंबई असं सरळ अंतर धरतात आणि ते ३,५०० च्या कितीतरी पुढे आहे. उशीर मोजायचा तो शेवटच्या मुक्कामाला, म्हणजे मुंबईला. तो तीन तास किंवा जास्त हवा. लांबच्या प्रवासात तीन ते चार तासांच्या दरम्यान असेल तर कंपनी रक्कम निम्मी, म्हणजे ३०० युरो करू शकते. पोहोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकण्याची नव्हे, विमानाचं दार उघडण्याची. युरोपीय न्यायालयानं २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं. तीन तासांच्या काठावर असाल तर दार उघडताना घड्याळाचा फोटो काढून ठेवा.

कंपनी 'असाधारण परिस्थिती' म्हणून नाकारू शकते. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप, हवाई हद्द बंद होणं, जसं कतारनं जून २०२५ मध्ये काही तास केलं होतं, ही कारणं चालतात. विमानात तांत्रिक बिघाड झाला, वैमानिक कमी पडले, कंपनीचेच कर्मचारी पगारासाठी संपावर गेले, ही सहसा चालत नाहीत. आणि भरपाई नाकारली तरी जेवण आणि हॉटेल टळत नाही. २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीमुळे अडकलेल्या प्रवाशाच्या खटल्यात न्यायालयानं तसाच निकाल दिला आहे.

मागणी कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः करा. पीएनआर, १३ आकडी तिकीट नंबर, बोर्डिंग पासचे फोटो आणि मुंबईत दार उघडल्याची वेळ द्या. कारण लेखी मागा. फॉर्म 'आयबॅन' हा आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खातं नंबर मागतो आणि आपल्या बँक खात्यांना तो नसतोच. फॉर्म तिथेच अडला तर घाबरून सोडून देऊ नका. खातं नंबर, बँकेचा स्विफ्ट कोड आणि शाखेचा पत्ता ई-मेलनं कळवा. तुमच्या शाखेला स्विफ्ट कोड नसेल तर बँकेच्या परकीय चलनाच्या शाखेचा चालतो, मॅनेजरकडून लिहून घ्या. व्हाउचर देऊ केलं तर ते घ्यायची सक्ती नाही. तुमच्या सहीच्या संमतीशिवाय पैशाऐवजी व्हाउचर देता येत नाही. पैसे वसूल करून देणाऱ्या वेबसाइट पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त कापून घेतात. आधी स्वतः दोनदा लिहून बघा.

ब्रिटनचा नियम याच धर्तीचा आहे, रक्कम पौंडांत : २२०, ३५० आणि ५२०.

प्रश्न : आमचे आई-दादा (६८ आणि ७१) ग्रुप टूरबरोबर जाणार आहेत. दादांना इन्सुलिन लागतं. मध्येच अडकले तर हाल होऊ नयेत म्हणून हातातल्या बॅगेत काय द्यावं?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : सगळं इन्सुलिन आणि सुया हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत हवं. चेक-इन बॅगेत टाकू नका. बॅग हरवू शकते आणि विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं. १०० मिलिलीटरची मर्यादा औषधाला लागत नाही, मात्र सिक्युरिटीला ते वेगळं काढून दाखवा. गोळ्या सहलीच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांच्या जास्त.

खाण्याला आपल्याकडच्या कडक भाकरीसारखं दुसरं काही नाही. चार-पाच भाकऱ्या मोडून, घट्ट डब्यात. ना कुबट होतात, ना सांडतात. शेंगा चटणीची लहान पुडी सोबत द्या, मोठी पिशवी चेक-इनमध्ये. अमेरिकेच्या वाटेवर ३५० मिलिलीटरहून जास्त पूड हातातल्या बॅगेत अडवतात. दही नको, ते द्रवात धरतात. अख्खं सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नको, ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. युरोपला चालले असतील तर पेढेही नकोत. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. दादांसाठी साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजची बिस्किटं खिशात असू द्या, बॅगेत नव्हे.

व्हीलचेअर निदान ४८ तास आधी एजंटकडून तिकिटावर नोंदवा, दोघांनाही. मधल्या विमानतळावर तीच माणसं त्यांना थेट पुढच्या गेटला नेतात, पाट्या वाचत फिरावं लागत नाही. मात्र व्हीलचेअरवाले प्रवासी विमानातून शेवटी उतरतात, त्यामुळे त्यांच्या कनेक्शनला वेळ जास्तच हवा. टूर लीडर बरोबर असला तरी दादांच्या खिशात एक कागद द्या : विमानांचे नंबर, लीडरचा फोन, तुमचा फोन, औषधांची नावं. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. काही कंपन्या ती विमानात वापरू देत नाहीत, तेव्हा फोन गेटजवळच भरून घ्यायला सांगा.

प्रश्न : आम्ही पुढच्या विमानानं पोहोचलो, बॅग आली नाही. काय करायचं?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : पट्ट्याजवळच्या बॅगेज काउंटरवर 'पीआयआर' हा तक्रारीचा फॉर्म भरल्याशिवाय बाहेर पडू नका. बॅग टॅगचा नंबर, हॉटेलचा पत्ता आणि तुम्ही तिथे किती दिवस आहात ते लिहा. गाव बदलणार असाल तर पुढचा पत्ताही. अंगावरचे कपडे, दात घासायचं सामान अशी गरजेची खरेदी करून पावत्या ठेवा. विमान प्रवासाबद्दलच्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, जो भारतालाही लागू आहे, बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडून मिळाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. पीआयआर भरला म्हणजे ती झाली असं धरू नका, खर्चाचा ई-मेल वेगळा पाठवा.

प्रश्न : व्हिसासाठी विमा काढलाच आहे. तो या सगळ्याला चालत नाही का?
– एक वाचक, करमाळा

उत्तर : बहुधा नाही. शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, आणि सगळ्यात स्वस्त पॉलिसीत तेवढंच असतं. 'ट्रिप डिले' आणि 'मिस्ड कनेक्शन' या दोन ओळी पॉलिसीत वेगळ्या शोधा. त्यात किती तासांनंतर पैसे सुरू होतात ते वाचा; सहा तास आणि बारा तास यांत फार फरक आहे. दोन सुट्या तिकिटांवरचं कनेक्शन हुकलं तर देणार का, हे पॉलिसी घेण्याआधी ई-मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. संप किंवा वादळ जाहीर झाल्यानंतर काढलेला विमा त्या कारणाला चालत नाही, म्हणून तिकीट काढाल त्याच आठवड्यात विमाही काढा.

प्रश्न : कंपनी दादच देत नाही. मुंबई-दिल्लीला खेटे घालायचे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करा, मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तरीही हलले नाहीत तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस कुठेही असो. तिकिटांची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षं.

बोर्डिंग पास, टॅगचे तुकडे, पावत्या आणि मेलचे प्रिंट तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवा. विमानतळावरच्या पावत्या थर्मल कागदावरच्या असतात, काही महिन्यांत कोऱ्या पडतात. त्यांचे फोटो त्याच दिवशी काढा.